सतराव्या रकान्यातलं फूल

गुरुवारी सकाळी सहा वाजता पोटकलमसाहेबांनी फुलं मोजली, ती एकोणीस भरली. पुन्हा मोजली, तरी एकोणीसच. इथवर सगळं ठीक होतं. प्रश्न एवढाच होता, की दुपारी अडीच वाजता त्यांतलं निदान एक तरी दांड्यावर उमललेलं हवं होतं, आणि या झाडाची फुलं पहाटे उमलून दुपारी मान टाकतात. काल शेवटचं फूल बारा चाळीसला मिटलं होतं. परवा एक वाजून पाच मिनिटांनी. साहेबांनी तशी वहीच ठेवली होती.

अडीच वाजता उद्यान कार्यालयाच्या निरीक्षक बाई येणार होत्या. त्यांना फूल दिसलं, तर झाड शोभेचं. नाही दिसलं, तर तण. आणि तण म्हटलं की ते त्याच जागी, मालकाच्या देखत, मुळासकट उपटायचं.

"चहा तिथेच आणून देऊ, की आधी झाडाला विचारू?" बायको दारातून म्हणाली.

"हळू बोल. हवा हलते."

"हवा हलली तर काय होतंय?"

"फुलं गळतात."

बायकोनं चहा पायरीवर ठेवला आणि ती आत गेली. जाताना तिनं दाराचा आवाज केला नाही. चौतीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याच्या कुठल्याही कामाला दिलेला हा सर्वांत मोठा पाठिंबा होता.

पोटकलमसाहेब हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. त्याच उद्यान कार्यालयात ते हयातभर नियम लिहायच्या टेबलावर होते, आणि पोटकलम जोडल्याशिवाय त्यांच्या हातून एकही नियम सुटला नाही. घरीसुद्धा 'आज बाजारात जातो' एवढं म्हणून ते थांबत नसत. 'परंतु पिशवी न सापडल्यास' हे पुढे यायचंच. अशा माणसानं निवृत्तीनंतर बागकाम हाती घ्यावं यात नवल नाही. रोपटी उलट टिपणी पाठवत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी मुलेन नावाच्या झाडाच्या बियांचं पाकीट आणलं. पाकिटावर चित्र होतं: जमिनीलगत लोकरीसारख्या लवेची, सशाच्या कानासारखी मऊ पानं, आणि त्यांतून वर सरळ उठलेला पुरुषभर उंचीचा दांडा, पिवळ्या फुलांनी मढलेला. एखाद्या राजवाड्याच्या दारात भालदार उभा असावा तसा. साहेबांनी ते चित्र पाहिलं आणि त्यांना आपल्या अंगणात भालदार हवासा वाटला. हयातभर बारीक अक्षरं लिहिलेल्या या माणसानं पाकिटामागची बारीक अक्षरं मात्र वाचली नाहीत. तिथे लिहिलं होतं, की फुलं दुसऱ्या वर्षी येतात.

झाडाला लागतं भरपूर ऊन, आणि अंगणात भरपूर ऊन एकाच ठिकाणी. तिथे बायकोची कपडे वाळत घालायची दोरी होती. त्यावर झालेल्या वाटाघाटी इथे सांगत नाही. "दोन वर्षं," ती शेवटी म्हणाली. "त्यानंतर माझी दोरी." तेव्हापासून घरातले कपडे जिन्याच्या कठड्यावर वाळतात, म्हणजे वाळत नाहीत.

पहिलं वर्षभर त्या जागी पानांचा एक गुबगुबीत गोळा बसून राहिला. शेजारच्या दंतवैद्यांनी कुंपणावरून डोकावून पाहिलं आणि विचारलं, "कोबी कधी काढताय?"

दंतवैद्य हा माणूस तसा सज्जन. पण धंदाच असा, की समोरच्याला उत्तर देता येत नसताना बोलायची सवय लागलेली. रोज सकाळी दवाखाना उघडताना ते कोबीची चौकशी करत. मग त्यांचे पेशंटही करू लागले. अर्धा जबडा बधिर झालेली माणसं फाटकातून जाता जाता "ओबी आन आलाय" असं म्हणून जात, आणि त्यांना रागावताही येत नसे. साहेबांनी वर्षभर हे सोसलं. दुसऱ्या वर्षी दांडा वर आला, तेव्हा त्यांनी दंतवैद्यांना मुद्दाम बोलावून दाखवला.

दंतवैद्यांनी मान वर करून पाहिलं. "कोबी फार जून झाला बुवा," ते म्हणाले.

त्याच दिवशी साहेबांनी तक्रार लिहिली.

दंतवैद्यांच्या मागच्या अंगणात कमरेएवढं गवत माजलं होतं. गवत कापायचं यंत्र बिघडल्या दिवसापासून ते त्याला 'माझा निसर्ग' म्हणत आणि संध्याकाळी त्याच्याकडे बघत खुर्ची टाकून बसत. साहेबांनी दोन पानी अर्ज केला. त्यात दंतवैद्यांचा उल्लेख 'सदरहू इसम' असा सात वेळा होता. खाली स्वतःचं नाव घातलं, कारण निनावी तक्रार घेऊ नये हा नियम त्यांचाच.

आणि तक्रारदाराचं स्वतःचं अंगणही त्याच फेरीत तपासावं, हा नियमही त्यांचाच. उगाच तक्रारी करणाऱ्यांना आळा बसावा म्हणून त्यांनी तो बारा वर्षांपूर्वी घातला होता आणि साफ विसरले होते. नोटीस हातात पडली तेव्हा आठवला. नोटिशीचं मराठी वाचून त्यांना आधी आनंद झाला, की आपल्यामागे कार्यालयाची भाषा बिघडलेली नाही. मग अर्थ लागला.

'तीन फुटांहून उंच, मंजूर यादीत नसलेली, आणि पाहणीच्या वेळी प्रत्यक्ष उमललेलं फूल नसलेली कोणतीही वनस्पती तण समजण्यात येईल.'

'पाहणीच्या वेळी' हे दोन शब्द घालण्यासाठी साहेबांनी एके काळी तीन दिवस फाईल अडवून धरली होती. 'प्रत्यक्ष' हा तर त्यांचा ठेवणीतला शब्द.

मंगळवारी ते कार्यालयात गेले. निरीक्षक बाई त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या. त्यांनी उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"सकाळी या," साहेब म्हणाले. "आठला या, नऊला या. एकोणीस-वीस फुलं असतात."

"सर, पाहणी दुपारी अडीच ते पाच. सकाळी बाहेर गेलेला कर्मचारी जेवायला घरी जाऊन परत येत नाही, म्हणून तुम्हीच परिपत्रक काढलंत."

"मी फोटो देतो. तारीख, वेळ, सगळं घालून."

"प्रत्यक्ष, सर."

"मग नियम बदलून घ्या."

"समितीपुढे न्यावा लागेल. समितीची बैठक वर्षातून एकदाच. ते पण सर, तुम्हीच..."

"माहीत आहे मला," साहेब म्हणाले आणि पाणी न पिता उठले. आपली शिष्या इतकी चांगली तयार झाली याचा त्यांना अभिमान वाटायला हवा होता. जिना उतरताना त्यांनी तो वाटून घेण्याचा प्रयत्नही केला.

उपाय सुचवला तो समोरच्या मास्तरीणबाईंनी. त्या निवृत्त विज्ञानशिक्षिका, आणि रस्त्यानं जाणाऱ्या माणसालाही 'सरळ चाल' म्हणणाऱ्या. "आभाळ भरलेलं असलं की ही फुलं उशिरापर्यंत टिकतात," त्यांनी सांगितलं. "उन्हाचा मारा चुकवा. गार ठेवा. झाडाला कळता कामा नये की दुपार झाली."

"म्हणजे फसवायचं?"

"प्रयोग म्हणा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

तर गुरुवारी सकाळी नऊ वाजता प्रयोगाला सुरुवात झाली. मास्तरीणबाईंनी दोन काळ्या छत्र्या आणल्या. बायकोनं पलंगावरची निळी चादर काढून दिली. आणि कुंपणावरून, कोणी न बोलावता, बर्फाची बादली घेऊन दंतवैद्य आले.

साहेब वहीत बघू लागले. दंतवैद्यांनाही नोटीस गेली होती. सोमवारी त्यांनी माणूस लावून आपला निसर्ग जमीनदोस्त केला होता. तक्रार कोणाची, हे नोटिशीत लिहीत नसत.

"दवाखाना?" साहेबांनी विचारलं.

"बंद ठेवलाय आज. माझं गवत गेलं ते गेलं, तुमचा कोबी तरी राहू दे. पाहणीवाल्यांना कोणी कळवलं कोण जाणे. सुखानं बघवत नाही लोकांना."

"खरंय," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज बधिर जबड्यातून आल्यासारखा आला.

बर्फ मुळाभोवती रचला. चादर कठड्यापासून खिडकीपर्यंत ताणली. दंतवैद्यांनी उत्साहानं पानांवर हात फिरवून "काय मऊ आहे हो" म्हटलं, आणि दहा मिनिटांत ते कोपरापर्यंत खाजवू लागले. त्या लवेला खाज असते. "खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे तर नुसतं हात लावणाऱ्याला," ते म्हणाले. साहेबांनी मान खाली घातली आणि बर्फ सारखा केला.

अकरा वाजता फुलं सोळा. फसवणूक लागू पडत होती. बारा वाजता चौदा. वहीतल्या आकड्यांपेक्षा झाड तासभर मागे चाललं होतं. मास्तरीणबाई घड्याळात बघत होत्या, आणि बायको दर अर्ध्या तासानं गार पाण्याचा तांब्या देत होती. ऑपरेशनच्या खोलीबाहेर नातेवाईक बसतात तसं सगळं अंगण बसलं होतं.

सव्वा बारा वाजता वारा सुटला.

चादर आधी फुगली, मग तिचं एक टोक सुटलं. ते टोक फडफडत दांड्याकडे निघालेलं सगळ्यांनी पाहिलं आणि सगळेच एकदम धावले. हीच चूक झाली. चादर साहेबांनी धरली, साहेबांना दंतवैद्यांनी धरलं, आणि मास्तरीणबाईंची छत्री उलटून तिच्या काडीनं दांड्याला फक्त एक टिचकी मारली. या झाडाला टिचकी पुरते. आठ फुलं अख्खीच्या अख्खी, अगदी शिस्तीत, एकामागून एक खाली आली.

बायको बाहेर आली, तिनं खाली पाहिलं, वर पाहिलं. "सहा," ती म्हणाली. मग तिनं स्वतः येऊन चादरीचं टोक जिन्याच्या कठड्याला बांधलं, अशी गाठ मारून की तिच्यावर हत्ती झुलला असता. दोरी बांधायची तिला सवय होती.

एक वाजता पाच. दीड वाजता तीन. दोन वाजता बर्फ संपला, आणि दंतवैद्य दवाखान्यातून उरलेला आणायला पळाले. सव्वा दोनला दोन. अडीचला त्यांतल्या एकाची कड वळायला लागली.

निरीक्षक बाई आल्या नाहीत.

"अडीच ते पाच म्हणजे पाचलाही येऊ शकतात," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"हो," साहेब म्हणाले. "ती सवलत मीच ठेवली."

दोन पन्नासला एक फूल राहिलं. ते दांड्याच्या वरच्या अंगाला, साहेबांच्या कपाळाच्या उंचीवर होतं. पाच पिवळ्या पाकळ्या, मधे केसाळ तंतू. साहेबांनी त्या फुलाकडे जितकं एकटक पाहिलं, तितकं त्यांनी लग्नात बायकोकडेही पाहिलं नव्हतं. तीन वाजून दहा मिनिटांनी फाटक वाजलं.

"या, या," साहेब कुजबुजले. "इकडून या. पाय हळू टाका. ते बघा फूल. प्रत्यक्ष."

"दिसलं सर," निरीक्षक बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून लाकडी फळी काढली, फळीवर फॉर्म लावला, पेनाचं टोपण काढून पेनाच्या मागे बसवलं. "फूल रकाना सतरामध्ये येतं. आपण एकपासून घेऊ."

"सतरा आधी भरा ना."

"रकाने क्रमानंच भरायचे, सर. नाहीतर कर्मचारी सोयीचे आधी भरतात आणि बाकीचे कोरे सोडतात. हे तुम्ही आम्हाला प्रशिक्षणात..."

"एक घ्या," साहेब म्हणाले.

मग त्यांनी आयुष्यात कधी दिली नव्हती अशी भराभर उत्तरं दिली. मालकाचं नाव, घर क्रमांक, अंगणाची लांबी, रुंदी, दिशा. एकाही उत्तराला पोटकलम नव्हतं. दंतवैद्य दोन्ही हातांनी फुलावर छत्री धरून उभे होते. त्यांचे हात खाजेनं लाल झाले होते आणि खाजवायची सोय नव्हती. सहावा रकाना, उंची. बाईंनी टेप काढली. सहा फूट चार इंच. सातवा, पानांचा रंग. आठवा, शेजारच्या मालमत्तेस उपद्रव. "नाही," दंतवैद्यच म्हणाले. फुलाची एक पाकळी आत वळायला लागली.

"नऊ," निरीक्षक बाई म्हणाल्या. "तक्रारदाराचं नाव."

साहेबांनी वही मिटली.

"ते तुमच्या फायलीत असेल," ते म्हणाले.

"फाईल ऑफिसात आहे, सर. घरमालकाला विचारून भरायचं असतं. माहीत नसेल तर सांगा, मी तसा शेरा मारते, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घेते आणि पुढे जाते."

साक्षीदारांच्या सह्यांना दहा मिनिटं लागत. हे साहेबांइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांनी फुलाकडे पाहिलं. दुसरी पाकळी हलली. त्यांनी छत्रीच्या दांड्याकडे पाहिलं, तो धरणाऱ्या लाल हातांकडे पाहिलं. त्या हातांच्या मालकाकडे बघायचं मात्र त्यांना झेपलं नाही. छत्री एक वीत सरकली, की ऊन थेट फुलावर.

"मी," साहेब म्हणाले.

"काय सर?"

"तक्रारदार मी. माझंच नाव लिहा."

बाईंचं पेन थांबलं. मास्तरीणबाईंनी, सबंध दिवसात पहिल्यांदाच, घड्याळावरून नजर काढली. दारात उभ्या बायकोनं पदर तोंडाला लावला. छत्री हलली. तिच्या सावलीची कड फुलावरून सरकली, पिवळ्या पाकळीवर उन्हाची एक चकती पडली, आणि तिथेच थांबली.

"माझ्या नोटिशीत तक्रारीचा उतारा होता, त्यात सात वेळा 'सदरहू इसम'," दंतवैद्य म्हणाले. "या गल्लीत असं बोलणारा माणूस एकच आहे. मला सोमवारीच कळलं होतं."

"मग तुम्ही बर्फ..."

"संध्याकाळी बघत बसायला काहीतरी हवं ना, म्हटलं तुमचा कोबी तरी राहू दे. गवत काय, परत येतं." चकती फुलावरून बाजूला झाली, छत्री जागेवर आली. "बाई, दहावा रकाना घ्या. माझे हात फार खाजतायत."

दहा, अकरा, बारा. साहेबांचं एकही उत्तर चुकलं नाही. तेरा, चौदा. पंधरावा रकाना होता 'इतर', आणि तो कोरा सोडता येतो हे साहेबांनी स्वतः सांगितलं. सोळावा, मातीचा प्रकार. फूल आता फूल राहिलं नव्हतं, अर्धवट मिटलेली मूठ झाली होती.

"सतरा," बाई म्हणाल्या, पुढे झाल्या, टाचा उंचावून त्यांनी पाहिलं. फार वेळ पाहिलं. "उमललेलं म्हणायचं का सर हे?"

साहेबांनी तोंड उघडलं. मिटत आलेल्या फुलाला उमललेलं म्हणावं की नाही, यावर ते एके काळी सहा पानं लिहू शकले असते. त्यांनी तोंड पुन्हा मिटलं.

"आतले तंतू दिसतायत," मास्तरीणबाई वर्गात बोलाव्या तशा म्हणाल्या. "तंतू दिसतात तोवर उमललेलं."

बाईंनी 'आहे' लिहिलं. खाली रेघ मारली. पेनाचं टोपण लावल्याचा टक् आवाज झाला, आणि फूल गळालं. ते दंतवैद्यांच्या मनगटावर पडलं. त्यांनी छत्री खाली ठेवली आणि आधी मनसोक्त खाजवून घेतलं.

महिन्याभरात प्रमाणपत्र आलं. 'नोंदणीकृत शोभेचं झाड.' साहेबांनी ते फ्रेम करून लावलं. दंतवैद्यांना त्यांनी गवत कापायचं आपलं यंत्र कायमचं देऊ केलं. त्यांनी ते घेतलं आणि वापरलं नाही.

थंडीच्या तोंडाशी झाड वाळलं. हेही पाकिटामागे लिहिलेलं होतं: दुसऱ्या वर्षी फुलतं आणि मरतं. अंगणात सहा फुटी तपकिरी दांडका उभा राहिला. "दोन वर्षं झाली," बायको म्हणाली. साहेब कुदळ घेऊन बाहेर गेले, आणि कुदळ उचलल्यावर त्यांना आठवलं. नोंदणीकृत झाड मालकाला काढता येत नाही. त्याला फेरपाहणी लागते, आणि ती झाड फुलोऱ्यात असतानाच होते. परंतु शेजाऱ्याची लेखी तक्रार असल्यास गोष्ट वेगळी.

ते कुंपणापाशी गेले. पलीकडे गवत पुन्हा घोट्याएवढं आलं होतं, आणि त्याच्याकडे बघत दंतवैद्य खुर्ची टाकून बसले होते.

"डॉक्टर, एक काम होतं," साहेब म्हणाले. "माझ्याविरुद्ध एक तक्रार करा. मजकूर मी देतो."

दंतवैद्यांनी त्या दांडक्याकडे बराच वेळ पाहिलं. मग साहेबांकडे.

"छे हो," ते म्हणाले. "शेजाऱ्याविरुद्ध तक्रार? आपल्या स्वभावात नाही बसत ते."

साहेब परत आले, तोवर बायकोनं दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला आणि दुसरं त्या दांडक्याला बांधलं होतं. चादर घालून पाहिली, तर दांडका वाकला. तिनं चादर काढली, आणि दोरीवर साहेबांचे पायमोजे ओळीनं लावले. तेवढं वजन त्यानं पेललं.